कपाळावरचे गोंदण

आपल्याकडे रोगांनाही जात चिकटवण्याची रीत आहे. मधुमेह साहेबांचा, क्षय गरिबांचा आणि सिकलसेल आदिवासींचा! पहिल्या दोन समजुती आता बऱ्याच ढिल्या झाल्या. कारण मधुमेह शेतमजुराच्या झोपडीत शिरला आणि क्षयाने बंगल्यांच्याही पायऱ्या चढल्या. तिसरी समजूत मात्र जळगाव-धुळ्याच्या सुशिक्षित घरांत अजून घट्ट बसलेली आहे. 'सिकलसेल ना? तो वर सातपुड्यात असतो,' असे म्हणून मंडळी चहाचा पुढचा घोट घेतात. ह्या एका वाक्यात आजाराचा पत्ताही सांगून होतो आणि आपली जबाबदारीही झटकून होते. मला भांडायचे आहे ते ह्या वाक्याशी, आणि ह्याच वृत्तीच्या कुशीत वाढलेल्या एका भारदस्त सरकारी शब्दाशी. तो शब्द म्हणजे 'निर्मूलन'.

सणासुदीच्या अंकात हे रडगाणे कशाला, असे कोणी विचारील. त्यांना माझे उत्तर असे की, आपल्या घरी चकलीचा सोऱ्या निघतो, नेमक्या त्याच दिवसांत ह्या आजाराचा वाईट मोसम सुरू होतो. का, ते पुढे येईलच.

प्रथम आजार काय आहे ते पाहू. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात आणि मधोमध दबलेल्या असतात; पेढा वळून त्यावर अंगठा दाबला की जसा दिसेल तशा. त्या मऊ आणि लवचिक असल्यामुळे केसाहून बारीक वाहिन्यांतूनही वाकून निघून जातात. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक ह्या डॉक्टरांनी एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, म्हणून हा सिकलसेल. पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनी तो दोष नेमका कोठे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ कड्या असतात. त्यांतली फक्त सहावी कडी बदललेली असते. एवढ्या एका कडीपायी प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोऱ्या बनतात आणि गोल पेशीचा विळा होतो.

हा विळा वाकत नाही. तो बारीक वाहिन्यांत अडकतो, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. आणि पलीकडच्या हाडामांसाला रक्त मिळेनासे होते. मग जी कळ उठते, ती पाहणाऱ्यालाही सोसत नाही. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त सदा कमी, डोळे पिवळे. तान्ह्या मुलांचे हातपाय सुजतात, प्लीहा निकामी होत जाते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. मोठेपणी खुब्याचे हाड झिजते, क्वचित मेंदूच्या वाहिनीत रक्त अडून लकवा येतो. आपल्याकडे ह्याला कोणी संधिवात म्हणतो, कोणी कावीळ म्हणतो, कोणी बडव्याकडे नेतो; आणि शिकलेला माणूस 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन मोकळा होतो. शरीरात लोहाची कमतरता नसेल, तर त्या गोळ्यांनी हा पंडुरोग तसूभरही हटत नाही.

आता आनुवंशिकतेचा भाग. तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळा घोळ तेथेच आहे. प्रत्येकाला ह्या हिमोग्लोबिनची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. दोन्ही प्रती सदोष असतील तरच माणूस रुग्ण होतो. एकच सदोष असेल तर तो 'वाहक'. वाहक एरवी धडधाकट असतो. शेत नांगरतो, मुले वाढवतो, म्हातारा होतो. वाहक आणि निरोगी ह्यांचे लग्न झाले तर मुलांपैकी कोणीही रुग्ण होत नाही. फार तर प्रत्येक मूल वाहक निघण्याची शक्यता निम्मी. दोघेही वाहक असले तरच प्रत्येक खेपेला चारात एक, म्हणजे २५ टक्के, रुग्ण मुलाची शक्यता असते. चौथीतल्या मुलाला समजेल इतका हा हिशेब सोपा आहे.

शिवाय ही सदोष प्रत कोणा पूर्वजाच्या पापाची शिक्षाही नव्हे. अँथनी ॲलिसन ह्यांनी १९५४ साली दाखवले की वाहकांना घातक हिवतापापासून संरक्षण मिळते. जेथे डोंगर, दाट रान आणि डास होते, तेथे पिढ्यान्‌पिढ्या हे रक्त टिकून राहिले, कारण त्याने तान्ही मुले जगवली. आफ्रिकेत हेच झाले, अरबस्तानात हेच झाले, भारतातही हेच. आपल्या देशात ह्या रक्ताची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी जमातींत झाली. महाराष्ट्रातल्या पाहण्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान ह्या जमातींत शंभरातील वीस ते पस्तीस माणसांपर्यंत वाहक आढळले आहेत. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे ह्यांनी ह्या कामात आयुष्य घातले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री ह्या आपल्याच तालुक्यांच्या डोंगरपट्टीत भिल्ल आणि पावरा राहतात. तेव्हा 'वर सातपुड्यात' म्हणजे आपल्या बसस्थानकापासून काही तासांवर, हे आधी कबूल करावे.

आता भांडणाकडे वळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत निर्मूलन साधायचे, असा संकल्प. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींवर तपासण्या झाल्या. दोन लाखांवर रुग्ण आणि सोळा लाखांवर वाहक सापडले. हे काम लहान नाही. ज्या दुखण्याला नावच नव्हते त्याला नाव मिळाले, हा मोठाच लाभ आहे. तपासणाऱ्या आशाताई आणि परिचारिका डोंगर चढून गेल्या, त्यांच्या पायांना मी नमस्कार करतो. माझे भांडण कामाशी नाही. त्याला दिलेल्या नावाशी आणि त्या नावामागून चालत येणाऱ्या विचाराशी आहे.

निर्मूलन देवीचे झाले. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली झाला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण देवीचा विषाणू माणसाच्या बाहेरून येत होता. त्याची वाट अडवली की तो संपला. सिकलसेलचे मूळ माणसातच आहे. मग उपटायचे कोणाला? कोणी म्हणेल, हा शब्दच्छल झाला. सरकारचा हेतू एवढाच की वाहकाने वाहकाशी लग्न करू नये. ठीक. पण त्याचाही हिशेब मांडून पाहा. उद्या सगळ्या वाहकांनी ठरवून निरोगी जोडीदारच केले, तरी त्यांची निम्मी मुले वाहकच होणार. रुग्ण मुले जन्मणार नाहीत हे खरे. पण सदोष प्रती जेवढ्या होत्या तेवढ्याच गावात फिरत राहणार. ह्याला निर्मूलन म्हणत नाहीत. हा पिढ्यान्‌पिढ्या पाळायचा पथ्याचा संसार झाला. आणि आज जे दोन लाखांवर रुग्ण सापडले आहेत, त्यांच्यापुढे 'निर्मूलन' हा शब्द उच्चारताना आपली जीभ अडखळली पाहिजे. रुग्णाला आपण म्हणतो, 'तुला बरे वाटावे म्हणून आम्ही झटतो.' आणि अभियानाचे नाव त्याला ऐकवते, 'तुझ्यासारखा पुन्हा जन्मू नये म्हणून आम्ही झटतो.'

शब्दांनी काय होते, असे विचारणाऱ्यांनी पॉलिंग ह्यांचीच गोष्ट आठवावी. दोन नोबेल पारितोषिकांचा हा धनी. ह्या आजाराचे मर्म उलगडणारा. १९६८ साली त्यांनी लिहिले की प्रत्येक वाहक तरुण-तरुणीच्या कपाळावर गोंदून टाकावे, म्हणजे दोन वाहक एकमेकांना पाहताच सावध होतील. हेतू चांगलाच होता. जन्मभर कळा सोसणारे मूल जन्मू नये. पण अमेरिकेत त्यानंतर काय झाले? १९७० च्या दशकाच्या आरंभी काही राज्यांनी सक्तीच्या तपासण्यांचे कायदे केले. रुग्ण आणि वाहक ह्यांतला फरक कायदे करणाऱ्यांनाच उमगला नव्हता. धडधाकट काळ्या तरुणांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विमा महाग झाला. हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. गोंदण कोणीच केले नाही. कागदानेच गोंदणाचे काम केले.

आमच्या खानदेशात गोंदण ही बाईची हौस आणि तिचे धन. सोने-नाणे येथेच राहते, मेल्यावर बरोबर येते ते गोंदणच, असे म्हाताऱ्या सांगतात. भिल्ल-पावरा बायकांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर ते हिरवे ठिपके किती शोभतात! त्याच चेहऱ्यांवर आता आपण दुसरे, न दिसणारे गोंदण करू लागलो आहोत. त्याचे नाव कार्ड.

तपासणीनंतर माणसाला कार्ड मिळते. त्यावर तो निरोगी, वाहक की रुग्ण ते लिहिलेले असते. लग्न ठरवताना दोघांची कार्डे जुळवा, असे सांगितले जाते. कल्पना वाईट नाही. पण कार्ड वाटायला जेवढी माणसे लागतात, त्याच्या चौपट माणसे ते समजावून सांगायला लागतात, आणि तेथे आपला हात आखडतो. मी चोपडा तालुक्याच्या डोंगरपट्टीत मास्तरकी केली आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या एका पावरा मुलीची सोयरीक मोडली तेव्हा मी मुलाच्या बापाकडे गेलो. मुलगी वाहक होती. मुलगा पूर्ण निरोगी. म्हणजे त्यांच्या मुलांना आजार होण्याचा प्रश्नच नव्हता. मी म्हटले, 'दादा, हे लग्न तर चांगले. ह्यात काही धोका नाही.' ते शांतपणे म्हणाले, 'गुरुजी, पोरगी अर्धी आहे. आम्हाला पुरी पोरगी पाहिजे.' मी पुन्हा हिशेब समजावला. त्यांनी ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, 'धोका नाही, तर मग कार्डावर लिहिलं कशाला?'

हा प्रश्न अडाण्याचा नव्हे. ज्याला छापील कागदाने नेहमी नुकसानच पोचवले, अशा माणसाचा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर कार्ड देणाऱ्याने द्यायला हवे होते. ते दिले गेले नाही म्हणून एक सुरक्षित लग्न मोडले. 'अर्धी' हा शिक्का बसला तो मुलीवर. मुलगा 'अर्धा' असता तर बोलणी एवढ्या झटपट मोडली असती का, ह्याचा विचार वाचकांनी आपापल्या घरच्या अनुभवावरून करावा.

हे आमच्याच डोंगरात घडते असे नाही. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाच्या गावी सिकलसेलचे वाहक पुष्कळ. तेथे सगळ्या गावाचे रक्त तपासून सल्ला दिला गेला. काही वर्षांनी, १९७० च्या दशकात, त्याचा ताळेबंद प्रसिद्ध झाला. वाहकांवर कलंक बसला होता, काहींनी निकाल लपवूनच लग्ने केली होती, आणि वाहक-वाहक लग्ने मात्र तपासणी झालीच नसती तर जेवढी झाली असती तेवढीच झाली होती. म्हणजे लाज वाढली आणि आजार तेवढाच राहिला.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे कोणी मला एकांगी म्हणायला नको. सायप्रस बेटावर थॅलेसेमिया हा असाच रक्ताचा आजार फार होता. तेथे लग्नाआधी तपासणीच्या दाखल्याची प्रथा पडली आणि रुग्ण मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. आपले कार्डवाले हे उदाहरण आनंदाने देतात. पण ते अर्धेच सांगतात. तेथल्या बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्ने मोडली नाहीत. त्यांना चांगला सल्ला मिळाला, गर्भाची तपासणी जवळ मिळाली, आणि पुढचा निर्णय आईबापांच्या हाती राहिला. शिवाय आधीच जन्मलेल्या रुग्णांना रक्त आणि औषध मिळत राहिले. दाखल्यामागे सेवा उभी होती, म्हणून दाखला फळला. आमच्या पाड्यावरच्या वाहक जोडप्याला गर्भाची तपासणी हवी असेल, तर त्याने मुंबईची वाट धरायची का?

आणि आता दिवाळीचा मोसम. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास आपल्या डोंगरपट्टीतली माणसे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी गुजरातेत बारडोलीकडे. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव हत्यारावरून! सिकलसेलची कळ उठवणाऱ्या गोष्टी कोणत्या, हे कोणाही डॉक्टरांना विचारा. ते सांगतील : थंडी, अतिश्रम, पाणी कमी पडणे, ताप. उघड्या रानातली कोपी, पहाटेचा गारठा, दिवसभर मोळ्या वाहणे आणि कालव्याचे पाणी. चारही गोष्टी एकाच ठिकाणी. उन्हाळ्यात हीच माणसे परत येतात आणि जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात केळीच्या बागांतून घड वाहतात. आपल्या फराळातली साखर आणि आपल्या प्रसादातले केळे ह्यांच्यामागे असे एखादे दुखणे उभे असू शकते. आणि औषध? ते गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत. माणूस पाच महिने तीनशे किलोमीटर दूर.

औषध नाही अशी सबब कोणी सांगू नये. हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगात तिने कळांच्या खेपा जवळजवळ निम्म्यावर आणल्या. ती आपल्या देशात बनते आणि महाग नाही. रुग्ण बाळांना पेनिसिलिन दिल्याने न्यूमोनियाच्या जंतूंचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६ सालीच सिद्ध झाले. फॉलिक ॲसिड, लसी, भरपूर पाणी, आणि कळ उठल्यावर ताबडतोब पुरेसे वेदनाशामक औषध : ह्यांत गगनाला भिडणारे काय आहे? २०२३ च्या अखेरीस विलायतेत आणि अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. ती जरूर पाहावीत. पण साक्रीच्या पाड्यावरच्या मुलाला आज रात्री हवी आहे ती काही रुपयांची कॅप्सूल. धुळ्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१८ पासून जळगावातही आहे. प्रश्न डोंगराच्या पायथ्यापासून तेथवर पोचण्याचा आहे.

आता 'वर सातपुड्यात असतो' म्हणणाऱ्या मंडळींसाठी दोन शब्द. विदर्भात हा आजार आदिवासींबरोबर इतर समाजांतही आहे. तो जातीचे दाखले पाहत नाही. आणि सिकलसेलचा चुलतभाऊ थॅलेसेमिया तर आपल्या शहरी पेठांतच राहतो. भारतात शंभरातील तीन-चार माणसे बीटा थॅलेसेमियाची वाहक आहेत. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत प्रमाण ह्याहून जास्त. सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक ह्यांचे लग्न झाले, तरी चारात एक शक्यता आजारी मुलाचीच. असे असता आपल्या घरांत लग्न जुळवताना काय पाहतात? छत्तीस गुण, नाडी, मंगळ, फ्लॅट आणि पगार. रक्ताचा विषय काढला की, 'आमच्या घराण्यात तसले काही नाही!' पावरा मुलीने मात्र कपाळावर कार्ड लावून मांडवात यावे. ज्या तपासणीला आपण स्वतःच्या मुलीसाठी अपमान समजतो, ती दुसऱ्याच्या मुलीसाठी आरोग्यसेवा कशी होते, हे मला कोणी तरी समजावून सांगावे.

माझे मागणे मोठे नाही. अभियानाचे नाव बदलून त्यात 'सेवा' किंवा 'सांभाळ' असा एखादा माणसाळलेला शब्द घालावा. कार्डाबरोबर दोन्ही घरांना, त्यांच्या बोलीत, तासभर बसून समजावणारा माणूस द्यावा. आणि कार्ड ज्याचे त्याच्या हाती राहावे, गावच्या चव्हाट्यावर वाचले जाऊ नये. डोंगरपट्टीतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया बारा महिने असावे, आणि ऊसतोडीला निघणाऱ्या रुग्णाला साऱ्या हंगामाचे औषध सोबत मिळावे. २०१६ च्या कायद्याने ह्या आजाराला दिव्यांगत्वात स्थान दिले आहे. त्याचा दाखला काढण्यासाठी दुखऱ्या पायांनी जिल्ह्याला खेटे घालायला लावू नयेत.

हे सरकारकडे झाले. वाचकांकडे मागणे एकच. दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले की घरोघर सोयरिकींची बोलणी सुरू होतील. त्या वेळी पत्रिकेबरोबर आपल्या मुलामुलींचे रक्तही तपासून घ्या. आणि कोणी वाहक निघाले तर घाबरू नका, लपवू नका, लग्न मोडू नका. आधी हिशेब समजून घ्या. जळगाव-धुळ्याच्या हजार घरांनी हे उघडपणे केले, तर 'अर्धी पोरगी' हा शब्द सातपुड्यातही कोणाच्या तोंडी राहणार नाही. कारण ती लाज डोंगराने आपल्याकडूनच उचलली आहे.